न उडालेले तास
वैमानिकाचा परवाना मिळून दोन वर्षं झाली तरी प्रियदर्शनी अकोल्यात, जठारपेठेत, बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवत होती. उड्डाणाचे तास कमी म्हणून नोकरी नव्हती आणि नोकरीशिवाय तास वाढत नव्हते. एका दुपारी जुन्या प्रशिक्षकांचा फोन आला. “एक जागा निघाली आहे. लॉगबुकात शंभर तास वाढव, सही मी करतो.” तिने उड्डाणांच्या नोंदींचं ते लॉगबुक उघडलं. प्रत्येक खऱ्या तासाचं तिला काहीतरी आठवत होतं, आडवा वारा, धावपट्टीवर आलेल्या शेळ्या, एकटीने केलेलं पहिलं उड्डाण. खोटी तारीख लिहायला हात उठेना. तिने फोन करून नाही म्हटलं. संध्याकाळी एसटी चालवून आलेल्या बाबांनी विचारलं, “किती तास झाले व माय तुये?” “दोनशे बारा.” “मांगच्या सालीबी तेवढेच होते.” बाबांनी खाकी शर्ट खुंटीला टांगला. फोनचं तिने सांगितलं नाही.