शेवटचे दीड किलो

तो तिसऱ्यांदा वजनकाट्यावर चढला. बूट काढले, घड्याळ काढलं, किल्ल्या बाकावर ठेवल्या. आकडा तोच.

"काका, दोन आठवडे झाले, आकडा ढिम्म हलत नाही," जिमच्या मॅडम म्हणाल्या. "साडेसहा किलो झरझर उतरवलेत आणि आता दीड किलोसाठी अडलात. चोरून खाताय का काही?"

"छे हो," तो म्हणाला आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत बसला.

तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सकाळची मुलं शाळेत सोडली की दुपारपर्यंत मोकळा. अकराच्या सुमारास जिम जवळजवळ रिकामी असायची. धाकट्या बहिणीला यकृताचा तुकडा द्यायचा, तर आधी त्याच्या यकृतावरची चरबी उतरायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठ किलो कमी करा, मग लगेच ऑपरेशनची तारीख.

तो ट्रेडमिलवर चढला. चार मिनिटांत उतरला. पाणी प्यायला. सायकलवर बसला, सीट वर केली, खाली केली, पुन्हा उठला. खिडकीशी गेला. खाली त्याची पिवळी बस उभी होती. आत्ता जाऊन बसावं, असं त्याच्या मनात आलं. कोण विचारणार आहे?

"दादा."

दारात बहीण उभी होती. चौकट घट्ट धरून. डोळे पिवळे, ओठ कोरडे. दोन मजले चढून आल्यामुळे तिला पुढचा शब्द फुटेना.

"तू इथं कशाला आलीस? जिना चढलीस? अक्कल आहे की नाही?" त्यानं धावत जाऊन तिला धरलं आणि ट्रेडमिलशेजारच्या बाकावर बसवलं.

"फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून आले." तिनं दम खाल्ला. "तू नको देऊस, दादा. मी डॉक्टरांना विचारून आलेय. ते सांगतील, तपासणीत भावाचं जुळलं नाही. घरात कुणाला काही कळणार नाही. तुझ्यावर बोल येणार नाही."

"मी कधी नाही म्हटलं?" त्याचा आवाज चढला.

"तोंडानं नाही म्हटलंस." ती हाताची कातडी खाजवत म्हणाली. "वहिनीला तुझ्या खिशात बिस्किटांचे रिकामे पुडे सापडले. एकदा नाही, पाचदा. तेही क्रीमवाली! निदान साधी तरी खायचीस."

त्याला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. तो तिच्यासमोर खाली फरशीवरच बसला.

"सुरुवातीला बरं वाटायचं गं," तो म्हणाला. "रोज आकडा उतरायचा. मग डॉक्टर म्हणाले, आता दीडच राहिले, ते उतरले की तारीख धरू. त्या दिवसापासून या पट्ट्यावर चढलो की वाटतं, हा मला ऑपरेशनच्या टेबलाकडंच नेतोय. चार पावलं चाललो की उतरतो. मग बसमध्ये जाऊन बसतो आणि खात सुटतो." तो थांबला. "तुझा मोठा भाऊ असा भित्रा निघाला."



"ऑपरेशनला आधी तुला आत नेतात म्हणे," ती म्हणाली.

"हो. आधी मला."

"म्हणजे तू आत आणि मी बाहेर. माझं काय व्हायचं ते होवो. पण तुला काही झालं तर वहिनीला कुठल्या तोंडानं सामोरी जाऊ? हेच घोळत असतं डोक्यात. आधीच अंगाला ही खाज, त्यात हा घोर. महिना झाला, डोळ्याला डोळा नाही."

"मग काय करायचं आपण?"

"ते तुझं तू ठरव. मी तुला मोकळं केलंय." तिनं भिंतीला डोकं टेकवलं. "आता जरा बसू दे. त्या जिन्यानं जीव काढला माझा."

तो उठला. मॅडम पलीकडे वजनं जागेवर लावत होत्या. दार उघडं होतं. त्याला अडवणारं आता कुणीच नव्हतं. तो दोन्ही हात कमरेवर ठेवून तसाच उभा राहिला, एकदा दाराकडे बघत, एकदा तिच्याकडे.

मग तो ट्रेडमिलवर चढला आणि वीस मिनिटं लावली. पट्टा घरघरत सरकू लागला.

"बोलत राहा काहीतरी," ती डोळे मिटून म्हणाली. "बरं वाटतं."

तो बसमधल्या मुलांबद्दल बोलू लागला. एक पोरगी रोज मागच्या सीटवर बसते आणि उतरताना त्याला न चुकता दटावते, "काका, नीट चालवा हं." एकाचा दात काल बसमध्येच पडला आणि सगळ्यांनी मिळून तो सीटखाली शोधला. "सापडला नाही," तो धापा टाकत म्हणाला. "पण ओरडा किती! ऐकतेस ना?"

उत्तर आलं नाही. त्यानं मान वळवली. ती झोपली होती. तोंड किंचित उघडं, आणि सतत खाजवणारी बोटं मांडीवर निवांत पडलेली.

पडद्यावर शेवटचे वीस सेकंद राहिले होते. वेळ संपली की हे मशीन कर्कश शिट्टी मारायचं. त्यानं घाईघाईनं बटण दाबून आणखी दहा मिनिटं वाढवली. ती सरली, तशी आणखी दहा. पिंढऱ्या भरून आल्या. बनियन पाठीला चिकटला.

मॅडम जवळ आल्या. "काका, बास की आता..."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

मॅडमनी बाकाकडे पाहिलं. हळूच जाऊन त्यांनी भिंतीवरचा गाण्यांचा स्पीकर बंद करायला हात वर केला. त्यानं जोरजोरात मान हलवली. राहू दे, आवाज तुटला तर ती जागी होईल. काहीच थांबायला नको होतं.

घाम डोळ्यांत उतरला. तो पुसायलासुद्धा न थांबता तो चालत राहिला.