सोमवारचा बेल

"बीडात रेल्वे येईल, तवा देईन तुला पोरगी!"

मागणी घालायला आलेल्या राजेश्वरला वडलांनी हसत वाटेला लावलं होतं. जगदेवीच्या कानात तो आवाज चाळीस वर्षं तसाच राहिला. पुढं बीडच्या विरुपाक्षाशी लग्न झालं, पण ही गोष्ट तिनं त्याला कधी सांगितली नाही. त्याचंही एक गुपित होतं. दर सोमवारी कनकालेश्वराला बेल वाहून तो काय मागतो, हे त्यानं तिला कधी कळू दिलं नाही.

आता बीडात खरंच रेल्वे आली. सारं गाव नटूनथटून स्टेशनावर फोटो काढायला लोटलं. विरुपाक्ष मात्र तव्यावरच्या लाहीसारखा दुकानातच तडतडत राहिला. "अहो, चला की बघायला!" म्हटलं की कधी गुडघा दुखे, कधी नेमकं गिऱ्हाईक येई.

शेवटी तिनं चपला घातल्या. "बसा तुमी. मी एकलीच जाते."

तो दार अडवून उभा राहिला.



"जगू, नगं जाऊस. तुझ्या बापानं राजेश्वरला दिलेला सबूद मला हळदीलाच कळलता. साऱ्या बीडनं रेल्वे मागितली गं... मी एकटाच दर सोमवारी म्हणायचो, देवा, तेवढी येऊ देऊ नगंस."