नोटिशीचा महिना

“नोटिशीच्या महिन्यात पगार कसला मागता, बाई?” चष्मेवाले म्हणाले. गिऱ्हाइकाच्या नाकावर नवी फ्रेम बसवून ते कानामागची दांडी वाकवून पाहत होते. “राजीनामा तुम्ही दिलात. मी काढलं नाही तुम्हाला.”

“पण काम मीच करतेय ना?”

“हळू. गिऱ्हाईक आहे.”

ती मागच्या खोलीत गेली. घासायच्या यंत्राचं पाणी सुरू केलं आणि काच चाकाला लावली. हात जरा थरथरला असता तर कड उडाली असती. हात थरथरला नाही. तिचा राग कधी हातात उतरत नसे. 

अकरा वर्षं ती याच खोलीत काचा घासत होती. तिच्या काचा नसत्या तर निम्मा बाजार भिंतीवर आपटला असता, असं काउंटरवरचे काका म्हणत. दुकानाच्या मालकांना बाजारात सगळे चष्मेवाले म्हणत; दुकानात तीही तेच म्हणे. डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्याने काचा बसवायच्या कामावर बोलावलं, तेव्हा तिने एका पानावर राजीनामा लिहिला, तारीख घातली आणि काउंटरवर ठेवला. चष्मेवाले हसले होते. “महिनाभरात उतरेल हे खूळ.”

तेव्हाच तिने मनाशी धरलं. तीस दिवस यायचं आणि तीस दिवसांचा पगार घेऊनच जायचं. निरोप नको, भेटवस्तू नको. तेवढा एक पगार.

त्या महिन्यात चष्मेवाल्यांनी तिच्यामागे कामाचा रतीबच लावला. दुहेरी नंबराच्या काचा, परत आलेल्या काचा, दुसऱ्या दुकानाने बिघडवलेल्या काचा. दोन दिवस अंगात ताप होता, तरी ती आली. शटर तिनेच उघडलं.

“जाणाऱ्या माणसाने एवढं घासायचं नसतं, बाई,” काका डबा उघडता उघडता म्हणाले. “मी असतो तर पहिल्याच दिवसापासून काचांवर नुसती फुंकर मारली असती.”

“तुम्ही असता तर तुम्हाला पगार मिळाला असता.”

 काका डब्यात बघत म्हणाले, “तेही खरंच.”

तिसाव्या दिवशी संध्याकाळी हिशेबनीस आला. महिनाअखेरीला तो व्हाउचरची वही घेऊन येत असे. काकांनी सही केली, पाकीट खिशात घातलं. मग वही तिच्यापुढे सरकली.

“इथे सही तेवढी, बाई.”

तिने पेन उचललं नाही. “आधी पाकीट.”

हिशेबनिसाने चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी रस्त्याकडे.

“असं कधी केलं नव्हतंत तुम्ही,” हिशेबनीस चाचरत म्हणाला.

“म्हणून तर आज करतेय.” तिने पिशवीतून एक कागद काढून वहीवर ठेवला. “माझं नेमणूकपत्र. सातवं कलम वाचा. मोठ्याने.”

हिशेबनिसाने मनातल्या मनात वाचलं. तिनेच मग पाठ म्हटल्यासारखं सांगितलं, “नोटिशीच्या काळात पूर्ण पगार देय राहील. टाइप तुम्हीच केलंय.”

“मी सगळ्याच दुकानांना तोच मसुदा देतो हो...”

“आणि खाली सही कुणाची?”

सही चष्मेवाल्यांची होती.

“कागदावर असतं ते सगळं खरं धरायचं का?” चष्मेवाले म्हणाले.

“मग खोटं काय होतं, ते सांगा. तीस दिवस मी आले, ते? ताप अंगावर काढून काचा घासल्या, ते? तुम्ही बिलं फाडलीत, गिऱ्हाइकांनी पैसे मोजले, तेव्हा त्या काचा खऱ्या होत्या ना? मग मीच तेवढी खोटी कशी?”

तिचा आवाज जराही चढला नव्हता. काका उठून दाराशी जाऊन उभे राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून.

हिशेबनीस चष्मेवाल्यांच्या कानाशी लागला. “देऊन टाका. कागद पक्का आहे. कराच्या तपासणीला दरवर्षी आपण हाच दाखवतो.”

चष्मेवाल्यांनी गल्ला उघडला. नोटा मोजल्या, पाकिटात कोंबल्या आणि पाकीट काउंटरवर भिरकावलं. तिने नोटा बाहेर काढून दोनदा मोजल्या. सही केली. शटरची आणि मागच्या खोलीची किल्ली वहीशेजारी ठेवली.

“उद्यापासून बाजाराने काठी घेऊनच फिरायचं,” काका म्हणाले. 

ती पायीच निघाली. कोपऱ्यावरच्या बँकेच्या यंत्रापाशी थांबली. नव्या पगारासाठी दवाखान्याने तिला खातं उघडायला लावलं होतं. अजून त्यात एक पैसाही नव्हता. तिने नोटा यंत्रात सरकवल्या. आकडा दिसेपर्यंत पडद्याकडे बघत उभी राहिली. मग पावती घेतली, रिकामं पाकीट पिशवीत टाकलं आणि घरी गेली.

घरी तिने भात टाकला. आतल्या खोलीत सासूबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला, मग जिन्यात नवऱ्याची पावलं वाजली.

दार लोटून चष्मेवाले आत आले. कोपऱ्यात चपला सारल्या आणि आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, “काकांसमोर शोभा नको म्हणून गप्प बसलो. आण ते पाकीट इकडे. अकरा वर्षं नुसती सही करत आलीस ना? बायकोला कुणी पगार देतं का?”