पाहुण्याचा पाट

मेहकरच्या दवाखान्यातले डॉक्टर नीळकंठराव सात वर्षं एकाच आजाराची टिपणं करत होते. हात थरथरणारी, पाय ओढत चालणारी म्हातारी माणसं भरदुपारी घरात परकी माणसं पाहत. त्यांचा हात त्या रिकाम्या जागी टेकवला की भास विरून जाई. अकरा रोग्यांच्या बाबतीत हे खरं ठरलं होतं. बाराव्यासाठी ते बैलांच्या दमणीतून बीबी गावाला आले.

उकंडराव बाजेवर बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता. शेजारी भुईवर एक रिकामा पाट मांडलेला होता. सून झुंबरबाई तो उचलायला वाकली.

"पाहुना अजून उठला नाई," उकंडराव म्हणाले. "त्याच्या खालचा पाट काऊन ओढून राह्यली?"

"तीन दिसापासून असंच हाये, डॉक्टरसायेब," ती म्हणाली. "मले पाट उचलूच देत नाईत."

नीळकंठरावांनी म्हाताऱ्याचा हात धरला आणि सावकाश पाटाकडे नेला. पाटापासून वीतभर वर तो थांबला. थांबला तशी त्याची थरथरही गेली.

म्हातारा हट्टाने हात अडवतोय, असं समजून त्यांनी तो खाली दाबला. हात खाली जाईना. उकंडरावांचं मनगट तर अगदी सैल होतं. डॉक्टरांनी जोर लावला, तसा पाट सारवलेल्या भुईवर घासत चार बोटं मागे सरकला.

झुंबरबाई भिंतीला टेकली.

"दाबू नका, डॉक्टरसायेब," उकंडराव हळूच म्हणाले. "त्याचा गुडघा दुखते."