ओटीचा खण

"पंप चालूच ठेवा, पाणी कसं खेळतंय ते बघू दे सगळ्यांना," असं हेमांगीनेच सांगितलं होतं. तिने आखलेला हा पहिलाच पोहण्याचा तलाव. मालकीणबाई सरोजवहिनींनी विहिरीची भरतात तशी त्याची ओटी भरली. हिरवा खण पाण्यात सोडला, तेव्हा हेमांगीनेही हात जोडले.

खण बुडाला आणि पंप पाणी ओढतो त्या तळाच्या दोन जाळ्यांपैकी एकीला घट्ट चिकटला. आता पंपाची सगळी ओढ दुसऱ्या जाळीवर येणार, हे तिच्या ध्यानात येईपर्यंत वहिनींच्या लेकीने, रेवाने, खण काढायला सूर मारला होता.

रेवा वर आलीच नाही. तिचे मोकळे केस दुसऱ्या जाळीत ओढले गेले होते. दोघातिघांनी उड्या टाकल्या, पण केस सुटेनात.

"पंप बंद करा!" किंचाळत हेमांगी पंपघराकडे धावली. दाराला कुलूप.

"किल्ली घरी राहिली गं!" वहिनींनी टाहो फोडला.

तलावातून पंपाकडे येणारा पाइप भिंतीबाहेरून जात होता. आत कणभर हवा शिरली तरी पंपाची ओढ तुटते, म्हणून त्याचा एकेक जोड हेमांगीने स्वतः तपासला होता. उंबऱ्याशी पूजेचा नारळ फोडलेला दगड होता. तो उचलून तिने जीव खाऊन पाइपवर घातला. पुन्हा घातला.

"फूट की रे मेल्या!"

पाइप तडकला. हवा आत शिरली आणि पंप कोरडा घरघरू लागला. मागे वळून बघायची तिची छाती होईना. दगड हातात घट्ट धरून ती तशीच उभी राहिली.

मग मागून कुणीतरी खोकलं. बारीक, लहान मुलीसारखं.