पेंढ्याचं रेडकू

अडुसष्टच्या पुरानंतर निंबाच्या सुरतेतल्या तबेल्यात रेडकू दगावलं. निंबाने त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं केलं. ती चाटू लागली आणि तिने पान्हा सोडला.

"बिचारीला कळत कसं नाही हो?" त्याची बायको सुभद्रा म्हणाली. तिचं स्वतःचं बाळ जन्मताच गेलं होतं. आजारी जावेने "आता हा तुमचाच" म्हणत ओटीत घातलेला मुलगा तिच्या अंगावर पीत होता.

पोर भाकरी खाऊ लागलं, तशी जाऊ आली आणि त्याला घेऊन अमळनेरला गेली.

"परत नेणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?" सुभद्राने विचारलं.

निंबा धार काढत होता. त्याने मान वर केली नाही.

"तुझं दूध नाहीतरी वायाच जात होतं."