वरचा चौकोन

"आई, इथं शाई फुटलीय. वाचता येत नाही," सून म्हणाली आणि तिनं बंदराच्या दप्तरखान्यातल्या जुन्या नोंदवहीचं पान उलटायला घेतलं.

"थांब गं, घाई कसली?" सासूबाईंनी तिचा हात धरला.

त्यांना एकच नाव हवं होतं. घराण्याचा मूळपुरुष दीडशे वर्षांपूर्वी जहाजातून या किनाऱ्यावर उतरला होता. जमीनदाराचा मुलगा, बापाशी भांडून निघालेला, असं त्या येईल-जाईल त्याला सांगत. घराणं सासरचं, पण तोरा सगळा यांचा. वंशवृक्षाचा तक्ता तयार होता, उद्या छापायला जायचा होता. सगळ्यात वरचा चौकोन, मूळपुरुषाच्या वडिलांचा, तेवढा रिकामा होता.

खरं तर खालीही एक रिकामा होता. मुलाच्या शेजारचा. प्रत्येक सुनेच्या चौकोनात 'अमक्याची मुलगी' असं लिहिलेलं, आणि ही अनाथाश्रमात वाढलेली. "हिच्यापुढे काय लिहू? कुणाची?" असं सासूबाई तीन वर्षं चारचौघांत विचारत होत्या. लग्न ठरलं तेव्हा तर तिच्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "आगापिछा नसलेली मुलगी आमच्या घरात?" ती तेव्हा नुसती हसली होती.

आज तिला सोबत आणलं, कारण जुनं हस्ताक्षर तिलाच भराभर वाचता येई. आपलं कोणी सापडतंय का, म्हणून लग्नाआधी तिनं अशा कितीतरी वह्या पालथ्या घातल्या होत्या. यायला मात्र ती तयार नव्हती. "राहू द्या ना आई, वर मोकळंच छान दिसतं," असं आठवडाभर म्हणत होती.

"तुला काय कळणार त्यातलं!" सासूबाईंनी तिला उडवून लावलं होतं.

आता त्यांनी पर्समधून नवऱ्याचं जुनं भिंग काढलं. पानावर कुठेच शाई फुटलेली नव्हती. मूळपुरुषाच्या नावापुढचं एकेक अक्षर लावत त्या पुटपुटल्या, "मुलगा. वय अंदाजे सहा. सोबत कोणी नाही. वडिलांचं नाव... माहीत नाही. धक्क्यावरच्या खानावळीतल्या आचाऱ्यानं सांभाळायला नेला."

खाली आचाऱ्याचं आडनाव होतं. तेच, जे त्यांच्या दारावरच्या पितळी पाटीवर होतं. ती पाटी त्या रोज सकाळी स्वतः पुसत.

त्यांना सुनेकडे बघवेना. बराच वेळ त्या भिंगाची काच पदरानं पुसत राहिल्या.

"घरी काय सांगायचं गं?"

"शाई फुटलीय म्हणायचं," सून म्हणाली आणि तिनं अलगद वही मिटली.

आयत्या वेळी पोरीनं लाज राखली, सासूबाईंच्या मनात आलं. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची आणखी लाज वाटली.

तेवढ्यात कारकून आला. "सापडले का पूर्वज? सापडलेले परत घेत नाही हं आम्ही!" स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं वहीच्या पुठ्ठ्याआड चिकटवलेला कागद दाखवला. "वही बघितली की इथं सही आणि तारीख. या वहीला कुणी विचारत नाही, म्हणून कागद अजून कोरा आहे बघा."

अगदी कोरा नव्हता. वर एकच सही होती. आश्रमानं दिलेल्या आडनावाची, सुनेची. तारीख लग्नाच्या आदल्या आठवड्यातली.